चूल, वैल आणि प्लॅस्टिकचे धुराडे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा समारंभात बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाकडून दोन अपेक्षा असतात. एक, त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे. आणि दुसरी, त्याने लवकर खाली बसावे. शिक्षणाचे महत्त्व मी सांगणार नाही. ते तुम्हांला पटले नसते, तर नेरळ, कडाव, चौक, खोपोली अशा चार दिशांनी, हातातली कामे टाकून, तुम्ही येथे आलाच नसता. मी आयुष्यभर विज्ञान शिकविले आहे, म्हणून आज एका प्रश्नाचे उत्तर तेवढे देणार आहे. प्रश्न माझा नाही. तो आठवीतल्या एका मुलीचा आहे.

तिचे मामू कॅनडात असतात. तेथे हिवाळ्यात पारा शून्याच्या पुष्कळ खाली जातो. एके दिवशी त्यांनी फोनवरून आपले घर दाखविले. तळघरात कपाटाएवढी पत्र्याची पेटी होती. मामू म्हणाले, "हा आमचा फर्नेस. ह्याच्यात गॅस जळतो आणि सगळे घर उबदार राहते." पेटीतून एक पांढरी नळी निघून भिंतीतून बाहेर गेली होती. मुलीने विचारले, "ही कसली नळी?" मामू म्हणाले, "हे धुराडे." दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, ती नळी प्लॅस्टिकची होती. आपल्या न्हाणीघराला असते तसली. आगीचे धुराडे प्लॅस्टिकचे कसे? ते वितळत कसे नाही?"

मला मनापासून आनंद झाला. परदेशातले घर पाहून कोणी गालिचा पाहतो, कोणी मोटार पाहतो. हिने नळी पाहिली. ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मात्र कॅनडाला जाण्याची गरज नाही. ते आपल्या दादीनानींच्या चुलीत आहे. आपण तेथूनच सुरुवात करू.

चुलीपाशी

मातीची चूल तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. पुढे लाकूड सरकविण्याचे तोंड आणि वर भांडे. चुलीच्या बाजूला आणखी एक लहान तोंड असते, त्याला आपण वैल म्हणतो. त्याच्याखाली वेगळे लाकूड घालत नाहीत. मुख्य चुलीतली जी आच भांड्याला लागून पुढे निसटते, ती आतल्या वाटेने वैलाकडे जाते. म्हणून चुलीवर भात शिजतो आणि वैलावर आमटी गरम राहते किंवा दूध हळूहळू तापते. ज्या कोण्या बाईने प्रथम वैल घातले, तिला भौतिकशास्त्राचे पुस्तक माहीत नव्हते. पण एक गोष्ट तिने अचूक हेरली होती. ती अशी की, भांड्याला लागून गेलेल्या आचेतही पुष्कळ उष्णता शिल्लक असते आणि ती फुकट जाऊ देऊ नये.

ही एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅनडातील फर्नेसचे सारे रहस्य ह्या वैलात आहे.

आता चुलीचा हिशेब मांडू. एक किलो वाळलेले लाकूड जळले म्हणजे सुमारे १६,००० किलोज्यूल उष्णता निघते. साध्या चुलीत त्यातली भांड्यापर्यंत पोहोचते किती? शंभर भागांपैकी दहा-बारा भाग. बाकीची उष्णता चुलीची माती तापविते, स्वयंपाकघर तापविते आणि धुराबरोबर कौलांतून निघून जाते. लाकूड ओले असेल तर आणखी फजिती. त्यातले पाणी उकळून वाफ होईपर्यंत आच तेथेच खर्च होते. पावसाळ्यात चूल धुमसते, डोळ्यांना धारा लागतात, आणि तासभर फुंकूनही भाताला कढ येत नाही, त्याचे कारण हेच.

गॅसची गोष्ट वेगळी. एक किलो गॅसमध्ये सुमारे ४६,००० किलोज्यूल उष्णता असते आणि चांगल्या शेगडीवर तिच्यातले पासष्टच्या आसपास भाग भांड्याला मिळतात. गुणाकार तुम्ही घरी करून पाहा. १४.२ किलोंचे एक सिलिंडर साध्या चुलीतल्या सुमारे अडीचशे किलो लाकडाचे काम करते. अडीचशे किलो लाकूड म्हणजे डोक्यावरच्या किती मोळ्या, हे डोंगरातून उतरून कर्जत-नेरळच्या बाजारात मोळ्या विकणाऱ्या ठाकूर-कातकरी बायांना विचारा. त्या आपल्यापेक्षा बरोबर सांगतील.

न्हाणीघरातला बंब

आता स्वयंपाकघरातून न्हाणीघराकडे या. जुन्या घरांत तांब्याचा बंब असे. थंडीच्या दिवसांत फजरच्या वेळी वजूला कोमट पाणी त्यातूनच मिळे. बंबाची रचना तुम्ही नीट पाहिली आहे काय? बाहेर गोल भांडे, त्यात पाणी, आणि पाण्याच्या मधोमध उभी नळी. त्या नळीत खाली जाळी, जाळीवर चिपाडे, काटक्या, नारळाच्या करवंट्या. धूर नळीच्या वरच्या टोकाने बाहेर.

चुलीवर आग खाली असते आणि भांडे वर. बंबात आग पाण्याच्या पोटात असते. आच कोठूनही निसटू पाहील, तरी तिला पाण्याला लागूनच जावे लागते. म्हणून मूठभर काटक्यांत बंब तापतो. शिवाय आणखी एक गुण पाहा. आग आणि पाणी एकमेकांच्या इतके जवळ असूनही पाण्यात राख पडत नाही आणि पाण्याला धुराचा वास येत नाही. मध्ये तांब्याचा पत्रा आहे. उष्णता पत्र्यातून पलीकडे जाते; धूर जात नाही. पाठ्यपुस्तकात ह्यालाच उष्णतेचे वहन म्हणतात. जेथे एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला जाते, पण दोन्हीकडचे पदार्थ एकमेकांत मिसळत नाहीत, त्या साधनाला इंजिनिअर लोक उष्णता-विनिमयक असे भारदस्त नाव देतात. आपण त्याला बंब म्हणू.

आता कॅनडातील फर्नेस समजायला अडचण नाही. फर्नेस हा बंबच आहे. फरक एवढाच की, त्याच्या नळीबाहेर पाण्याऐवजी हवा असते. गॅस पोलादी नळ्यांच्या आत जळतो. घरातली थंड हवा एक मोठा पंखा ओढून घेतो, गाळणीतून गाळतो आणि तापलेल्या नळ्यांच्या बाहेरून फिरवितो. गरम झालेली हवा पत्र्याच्या वाटांनी खोल्याखोल्यांत जाते, थंड होऊन परत येते आणि पुन्हा तापते. भिंतीवर उष्णता पाहणारे एक लहान यंत्र असते. खोली ठरविल्याइतकी गरम झाली की ते फर्नेसला थांबविते, गार झाली की पुन्हा सुरू करते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या नातलगांच्या घरी बहुतेक बॉयलर असतो. तेथे हवेऐवजी पाणी तापते आणि भिंतीलगतच्या लोखंडी पट्ट्यांतून ते फिरते. तत्त्व एकच.

धुरातले पाणी

जुन्या पद्धतीच्या फर्नेसमधून जो धूर बाहेर पडे, तो दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असे. प्लॅस्टिक तेथे टिकणे शक्यच नव्हते. धुराडे लोखंडाचे किंवा विटांचे लागे. शंभर रुपयांचा गॅस जाळला तर वीस, तीस, कधी त्याहूनही अधिक रुपयांची उष्णता त्या धुराड्यातून आकाशात जाई. मग इंजिनिअरांनी काय केले? वैल बसविले. मुख्य नळ्यांतून बाहेर पडणारा धूर त्यांनी तसाच सोडून न देता आणखी एका नळ्यांच्या जुडग्यातून फिरविला आणि घरातून परत येणारी थंड हवा आधी त्या जुडग्यावरून नेली. चुलीवरून निसटलेली आच वैलावर वापरावी, तसेच हे झाले.

पण त्यांच्या वैलाने एक आणखी मोठी गोष्ट साधली. विद्यार्थ्यांनो, येथे नीट लक्ष द्या.

गॅस जळतो तेव्हा त्यातून काय निघते? कार्बन डायऑक्साइड, हे सर्वांना पाठ असते. दुसरा पदार्थ पुष्कळ जण विसरतात. तो पदार्थ म्हणजे पाणी. गॅसमध्ये हायड्रोजन असतो, तो प्राणवायूशी मिळाला की पाणी तयार होते. थोडेथोडके नव्हे. आपल्या सिलिंडरमधला एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून अधिक पाणी तयार होते. कॅनडात नळाने येतो त्या नैसर्गिक गॅसमध्ये तर आणखी जास्त. आपल्याला ते दिसत नाही, कारण ते वाफेच्या रूपात असते. गॅसवर थंड पाण्याचे पातेले ठेवल्याबरोबर त्याच्या बुडाला बाहेरून दव जमते, ते हेच पाणी. पातेले गळते असे वाटून आपण ते उलटेसुलटे करून पाहतो!

पाण्याची वाफ करायला उष्णता लागते, हे आपण जाणतो. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल खर्च होतात. ह्या उष्णतेने तापमान वाढत नाही. ती वाफेत लपून बसते, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती लपलेली उष्णता परत मिळते. कढत पाण्यापेक्षा वाफेने हात जास्त भाजतो, त्याचे कारण हेच.

आधुनिक फर्नेस आपल्या वैलात धूर इतका थंड करतो की, त्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते. नैसर्गिक गॅसच्या धुराबाबत हे साधारण पंचावन्न अंशांच्या खाली घडते. वाफ आपली लपविलेली उष्णता पत्र्याला देऊन टाकते आणि थेंब थेंब पाणी बनून खाली गळते. ते पाणी किंचित आम्लधर्मी असते, म्हणून हे वैल न गंजणाऱ्या पोलादाचे करतात आणि गळणारे पाणी वेगळ्या नळीने मोरीत सोडतात. उरलेला धूर चहाच्या कपाहूनही कमी गरम असतो. तो वर चढत नाही, म्हणून लहान पंख्याने त्याला बाहेर ढकलावे लागते. आणि त्याच्यासाठी प्लॅस्टिकची नळी पुरते.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. प्लॅस्टिक वितळत नाही, कारण धुरात वितळविण्याजोगी उष्णता शिल्लकच ठेवलेली नाही. ती सगळी घरात राहिली. अशा फर्नेसमध्ये शंभर रुपयांच्या गॅसपैकी नव्वद ते पंच्याण्णव रुपयांहून अधिक उष्णता घराला मिळते. सरकारांनी त्याचे कायदेही केले. इंग्लंडमध्ये २००५ सालापासून नवा गॅस बॉयलर बसवायचा तर थोड्या अपवादांखेरीज तो असा वाफ आटविणाराच असावा लागतो. कॅनडाने घरगुती गॅस फर्नेससाठी २००९ अखेर नव्वद टक्क्यांची आणि २०१९ मध्ये पंच्याण्णव टक्क्यांची किमान मर्यादा घातली.

आपल्या घाटाखालचा हिशेब

तुम्ही म्हणाल, "मास्तर, हे सगळे ठीक, पण कर्जत-खालापुरात घर तापवायची गरज कोणाला? आम्हांला पंखा पुरत नाही." खरे आहे. डिसेंबर-जानेवारीत खांडस-कशेळ्याच्या बाजूने डोंगरावरचा गार वारा उतरतो किंवा माथेरानला आपण कुडकुडतो, तेवढीच आपली थंडी. घर तापवायला आपल्याला आग लागत नाही. पण आंघोळीचे पाणी लागते, भात लागतो, चहा लागतो. आगीचा हिशेब आपल्यालाही चुकलेला नाही.

एक उदाहरण आपल्या दाराशीच आहे. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले आणि भिवपुरीचे १९२२ साली. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी घाटावरून पाचशे मीटरांच्या आसपास खाली आणून टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. काम आटोपलेले ते पाणी खोपोलीला पाताळगंगेत आणि भिवपुरीला उल्हास नदीत सोडले जाते. त्या जाड्या नळांकडे पाहून आपल्याला वाटते, केवढी ही शक्ती! आता गंमत पाहा. एक लिटर पाणी पाचशे मीटर खाली पडले तर त्यातून मिळणारी ऊर्जा पाच किलोज्यूलही भरत नाही. आणि एक लिटर पाणी फक्त एक अंशाने तापवायला चार किलोज्यूलांहून अधिक लागतात. म्हणजे पंधरा लिटरची एक बादली विजेच्या कांडीने वीस अंश तापवायची, तर यंत्रातली व तारांतली घट धरून तसल्या वीसेक बादल्या पाणी घाटावरून खाली पडले पाहिजे. एका आंघोळीसाठी! पाणी तापविणे हे किती महागडे काम आहे, ते ह्यावरून समजावे. आपण मात्र कांडी लावून दुकानात जातो आणि परत येईपर्यंत बादली उकळत असते.

म्हणून ज्यांच्या छपरावर ऊन येते, त्यांनी सौर बंबाचा विचार करावा. पावसाळ्याचे महिने सोडले, तर आपल्याकडे उन्हाची उणीव नाही. आणि ज्यांना तेवढा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी फुकटचा उपाय झाकण हा आहे. उघड्या भांड्यातून वाफ जाते, आणि वाफेबरोबर ती लपलेली उष्णता जाते. आपल्या घरांत बिर्याणीला दम देतात तेव्हा काय करतात? झाकणाच्या कडेला कणीक लावून भांडे बंद करतात, खाली मंद निखारे, वर झाकणावर निखारे. आच वाढवीत नाहीत. असलेली आच कोंडून ठेवतात. दावतीच्या दिवशी जे शास्त्र आपण इतके काटेकोर पाळतो, ते रोजच्या डाळभाताला का लावू नये? डाळ भिजत घालावी, कुकर वापरावा, उकळी आली की आच कमी करावी. उकळते पाणी मोठ्या आचेवर जास्त गरम होत नाही. फक्त जास्त वाफ होते.

धूर कोणाच्या वाट्याला

आतापर्यंत मी रुपयांचा हिशेब सांगितला. दुसरा हिशेब सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी विनयाने म्हणत नाही. तिची गणिते पाहून मी माझी सोडवीत असे. घरात पहाटे चूल पेटवायची, लाकडे आणायची, ओल्या लाकडांवर फुंकणी धरून बसायची पाळी तिची. अभ्यासाला बसायची पाळी माझी. चौथीनंतर तिची शाळा सुटली. कोणी तिला शाळेत जाऊ नको असे म्हटले नाही. वेळच उरला नाही, एवढेच. आज ती सत्तरी ओलांडलेली आहे, घरात गॅस आहे, पण खोकला तिच्याबरोबर राहिला आहे. तिने कधी विडीला हात लावला नाही. डॉक्टरांनी फुफ्फुसांचे चित्र पाहून विचारले, "किती वर्षे चुलीपाशी बसलात?"

हा एका घराचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० ह्या एका वर्षी जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आपल्या देशात ह्यावर प्रयत्न झाले नाहीत असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चुलीचा प्रयोग झाला. १९५० नंतरच्या दशकात हैदराबादेत एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली निर्धूर चूल तयार केली. १९७७ साली इंडियन ऑइलच्या संशोधकांनी कमी रॉकेल पिणारा नूतन स्टोव्ह काढला. १९८३च्या अखेरीस सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती ह्या संस्थेने आपल्या महाराष्ट्रात लक्ष्मी चूल पोहोचविली, आणि मूठ-दोन मूठ कांडी कोळशावर वाफेने सारा स्वयंपाक करणारा सराई कुकर दिला. २००२ साली राष्ट्रीय कार्यक्रम केंद्राने आवरता घेतला. पुष्कळ चुली त्यापूर्वीच मोडल्या होत्या. धुराडे काजळीने तुंबले, ते साफ कसे करायचे हे कोणी सांगितले नाही. आणि चूल कशी असावी, हे जिला तीवर स्वयंपाक करायचा तिला फारसे कोणी विचारले नाही.

मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गरीब घरांतल्या बायांच्या नावाने गॅसची जोडणी मिळू लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली शंभरांतली सुमारे ४४ घरे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत होती. २०१९-२१ मध्ये ती ५९ झाली. पण सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल पेटलेली, अशी घरे तुम्हीही पाहिली आहेत, मीही पाहिली आहेत. सिलिंडर भरून आणायचा पैसा जमत नाही, म्हणून तो पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. अशा घरांतल्या पुरुषांना माझी एकच विनंती आहे. मोबाइलचा खर्च आणि सिलिंडरचा खर्च एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. पुढचे काही मी सांगणार नाही.

जो धूर दिसत नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. दिसणारा धूर डोळ्यांना चावतो, म्हणून माणूस पळतो. न दिसणारा धूर जास्त धोक्याचा. आगीला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला डोके जड वाटते, मळमळते, झोप येते, आणि ती झोप मोडत नाही.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची रीत आहे. मी लहान असताना आमच्या नात्यातल्या एका घरी थंडीच्या रात्री अशीच शेगडी ठेवून, वारा लागू नये म्हणून दारेखिडक्यांच्या फटीसुद्धा चिंध्यांनी बुजविल्या होत्या. मध्यरात्री दादी पाणी द्यायला गेली, तर बाळंतीण हाकेला ओ देईना आणि मूल मलूल पडलेले. दादीला रसायनशास्त्र येत नव्हते. पण तिने शेगडी उचलून अंगणात टाकली आणि सगळी दारे उघडली. दोघेही वाचली. सगळीच घरे इतकी नशीबवान नसतात. खोलीत ऊब हवी असेल तर निखारे बाहेर ठेवा, कपडे शेकून घ्या, गरम पाण्याची पिशवी वापरा. निखारे आणि बंद दार ही दोन्ही एका खोलीत नकोत.

आणि आजची शेगडी कोणती, सांगू? न्हाणीघरातला गॅसचा गिझर. झटपट पाणी तापविण्यासाठी तो स्वयंपाकाच्या पाच-सहा बर्नरांइतका गॅस एकदम जाळतो. पाव तासात त्याला जवळजवळ तीन घनमीटर हवा लागते. चार बाय पाच फुटांच्या न्हाणीघरात, आठ फुटांवर छत धरले, तर सगळी मिळून साडेचार घनमीटर हवा असते. दार बंद, खिडकी बंद. पुढे काय होते, ते वर्तमानपत्रांत वेळोवेळी छापून येते, आणि बहुधा मरणारे तरुण असतात.

मामूंच्या प्लॅस्टिकच्या नळीची आठवण येथे पुन्हा करा. त्या फर्नेसच्या बहुतेक नमुन्यांना अशा दोन नळ्या असतात. एक धूर बाहेर नेते. दुसरी जळण्यासाठी लागणारी हवा बाहेरून आत आणते. घरातल्या माणसांची हवा आग खात नाही, आणि आगीचा धूर माणसे खात नाहीत. शिवाय त्या देशांत घराघरांत कार्बन मोनॉक्साइड ओळखून ओरडणारी घंटा लावतात. गिझर लावायचाच तर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत लावा. तेथून फक्त गरम पाण्याचा नळ आत आणा. आधीच आत लावलेला असेल, तर दार उघडे ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मगच दार लावून आंघोळ करा. हे आज रात्रीच घरी सांगा.

घरचा अभ्यास

मास्तराने गृहपाठ न देता बसणे बरे दिसत नाही. विद्यार्थ्यांनो, सुट्टीत तीन गोष्टी करा. नवे सिलिंडर लावले की कॅलेंडरवर तारीख लिहा आणि ते किती दिवस पुरले ते मोजा. दोन लिटर पाणी एकदा झाकण ठेवून आणि एकदा उघडे, मोठ्या माणसांच्या देखत, त्याच आचेवर उकळा आणि घड्याळ लावून मिनिटे लिहा. तिसरे, आपल्या घरात आग कोठे कोठे जळते, तिला हवा कोठून मिळते आणि तिचा धूर कोठे जातो, ह्याचे चित्र काढा. वह्या मी स्वतः तपासीन.

आणि पालकांनो, हा गृहपाठ एकट्या मुलीला देऊ नका. मुलालाही चुलीपाशी बसवा. मुलीला चुलीपासून थोडा वेळ उठवा. वैल बसविण्याची अक्कल आपल्या घरातल्या बायांनी केव्हाच दाखविली होती. त्यांच्या हाती पुस्तक आणि प्रयोगशाळा आली असती, तर ते पुढचे यंत्र कोणी केले असते, हा प्रश्न मला माझ्या बहिणीकडे पाहिले की पडतो. त्याचे उत्तर आता मिळणार नाही. पण त्या आठवीतल्या मुलीच्या बाबतीत ते मिळू शकते. तिच्या वडिलांना मी येथे बसलेले पाहतो आहे. त्यांना एवढेच सांगतो की, पोरगी नळी पाहते आहे. तिला पाहू द्या.